कालवबाई आणि घुम्या

कालवबाईंना बोट लागायची. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या बाईला बोट लागावी, हे गवंड्याला उंचीची भीती वाटण्यापैकीच; पण होतं खरं. काठाला बांधलेली बोट जरा हलली तरी त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग पिवळा आणि शेवटी हिरवट व्हायचा. बरोबरचे लोक बाईंच्या रंगावरून पाणी किती खवळलंय ते ओळखायचे.

शिकत असताना वर्गातल्या बाकीच्यांनी देवमासे, कासवं, डॉल्फिन असे देखणे विषय पटापट उचलले. बाईंनी वेगळा हिशेब केला. आपल्याला असा प्राणी हवा, की जो एका जागी बसतो, कुठे भटकत नाही आणि ज्याच्याकडे चालत जाता येतं. असा एकच सापडला. दोन ओबडधोबड शिंपल्यांच्या आत राहणारं, मऊ, गिळगिळीत कालव. कालवाचं पिल्लू सुरुवातीला थोडे दिवस पाण्यात उंडारतं, मग एखादी घट्ट जागा बघून स्वतःला तिथे चिकटवून घेतं आणि जन्मभर हलत नाही.

"अगदी माझ्यासारखं," बाई म्हणायच्या. लग्न होऊन ज्या गल्लीत आल्या, तिथून त्याही हलल्या नव्हत्या.

ही गल्ली खाडीला लागून होती. घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. मागच्या खोल्या तर थेट पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभ्या होत्या. बाईंचं घर गल्लीच्या मधोमध. खाली नवऱ्याचं दुकान, वर दोन खोल्या. नवरा शिंपी. शिंपल्यांच्या बाईनं शिंपी नवरा केला, यावर गल्लीनं इतके विनोद केले होते, की एखाद्यानं नवा विनोद केलाच तर शिंपीबुवा त्याला शर्टाचं एक बटण फुकट लावून द्यायचे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना तसं बटण लावावं लागलं नव्हतं.

वरच्या मागच्या खोलीत सासूबाईंचं राज्य. सासूबाईंची नजर मंदावली होती, गुडघे कुरकुरत होते, पण नाक आणि कान तरण्याताठ्यांना लाजवतील असे. सूनबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आणि वरून आवाज यायचा, "आज चिखलात कमरेपर्यंत गेली होतीस की गुडघ्यापर्यंत?"

"गुडघ्यापर्यंत, आई."

"खोटं बोलू नकोस. कमरेपर्यंतचा वास येतोय."

बाईंची नोकरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा संशोधन केंद्रात होती. दोन खोल्या, पाण्याच्या काही टाक्या आणि गंजत चाललेलं एक फाटक, एवढाच पसारा. एके काळी या खाडीत कालवांचे खडकच्या खडक होते. आधीच्या पिढ्यांनी ती कालवं काढली, खाल्ली आणि शिंपले भाजून त्यांचा चुना घरांच्या भिंतींना लावला. भिंती छान झाल्या, पण खाडीत नुसता चिखल उरला. कालवाच्या पिल्लाला चिकटायला काहीतरी टणक लागतं. चिखलात ते बुडून मरतं. म्हणून केंद्रानं ठरवलं, की खाडीचे शिंपले खाडीला परत द्यायचे. खाणावळींमधून रिकामे शिंपले गोळा करायचे, उन्हात चांगले वाळवायचे, जाळीच्या पिशव्यांत भरायचे आणि त्या पिशव्यांची लांबच लांब रांग गल्लीमागच्या चिखलावर रचायची. पुढचं काम कालवं करतील.

विकत आणलेल्या पिशव्या पहिल्याच भरतीला उसवल्या. तेव्हा शिंपीबुवांनी एक पिशवी हातात घेतली, शिवण बघितली आणि एखाद्या डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी बघावी तसं तोंड केलं. "ही काय शिवण आहे? ही तर टाचणी मारलीय." मग त्यांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून नव्या पिशव्या शिवल्या, दुहेरी शिवणीच्या. त्या वर्षी गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे उशिरा मिळाले, पण पिशव्या एकदाही उसवल्या नाहीत.

कालवं आली. जुन्या शिंपल्यांवर आधी नखाएवढी, मग अंगठ्याएवढी, मग तळहाताएवढी नवी कालवं बसली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. बाईंचं खरं काम याच्या पुढे होतं. या खटाटोपाचा खाडीला फायदा काय झाला, ते मोजायचं होतं.

कालव पाणी आत ओढतं, त्यातलं खाणं ठेवून घेतं आणि पाणी गाळून बाहेर सोडतं. हे दाखवायला बाईंनी एकदा घरी काचेच्या दोन बरण्या आणल्या. दोन्हींत खाडीचं हिरवट गढूळ पाणी, पण एकीत कालवंही सोडलेली. सकाळी मांडलेल्या बरण्या सासूबाईंनी दुपारी खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या. एकीत पाणी तसंच गढूळ, दुसरीतून मात्र पलीकडचं घड्याळ दिसत होतं.

"धुणं धुतात का गं ही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग उपयोग काय?"

हा प्रश्न सासूबाई एकट्याच विचारत नव्हत्या. केंद्राचे साहेब म्हणजे अतिशय सज्जन आणि अतिशय घाबरट माणूस. कामाला परवानगी पालिकेनं दिली होती आणि पालिका आता विचारत होती, की पुढे काय? साहेब रोज बाईंच्या टेबलापाशी येऊन गळ्यातला टाय पिळायचे.

"बाई, फायदा झाला की नाही, ते मला फक्त एका वाक्यात सांगा."

"एका वाक्यात 'अजून माहीत नाही' एवढंच मावतं, साहेब."

कारण बरणीत जे चोख दिसत होतं, ते खाडीत काही केल्या दिसत नव्हतं. खाडी केवढी आणि कालवं केवढी! भरती आली की नवा गढूळपणा घेऊन यायची, ओहोटी जाताना त्यात आणखी भर घालायची. बाई रांगेच्या अलीकडचं पाणी मोजायच्या, पलीकडचं मोजायच्या; कधी अलीकडचं स्वच्छ निघायचं, कधी पलीकडचं. मासे मोजावेत, तर जाळं शिंपल्यांत अडकून फाटायचं, आणि शिंपीबुवांना पुन्हा मशीनवर बसावं लागायचं. बाईंना खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं सापडत नव्हतं. त्या दिवसांत त्यांची झोप उडाली होती आणि जेवताना घास हातातच राहायचा.

त्यातच उन्हाळा लागला आणि गल्लीत तो आवाज सुरू झाला.

दिवेलागणीची वेळ होती. तिघं जेवायला बसली होती. सासूबाईंनी एकाएकी हात थांबवला. "अरे, मशीन बंद कर."

"आई, मी जेवतोय. तुझ्यासमोर," शिंपीबुवा म्हणाले.

"मग चालू ठेवून वर आलास. ऐक."

सगळ्यांनी कान दिला. खरंच, कुठून तरी 'हूंऽऽऽ' असा एकसुरी आवाज येत होता. ना मोठा, ना लहान. जमिनीतून यावा, पायांतून चढावा आणि दाढेत जाऊन बसावा, असा. शिंपीबुवा खाली जाऊन बघून आले. मशीन बंद होतं. तरी आईच्या समाधानासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी ते पूर्ण खोललं, तेल दिलं, पुन्हा जोडलं. मशीन सुंदर चालायला लागलं आणि संध्याकाळी आवाजही सुंदर चालू झाला.

मग शेजारचे मास्तर आले. मास्तर एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आता निवृत्त. शाळा सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. ते एकटेच राहायचे आणि अख्खी गल्ली हा आपला वर्ग आहे असं समजायचे. "शिंपीबुवा, माझा डोळा लागत नाही. भिंतीला कान लावला की आवाज तुमच्याकडून येतो."

"मास्तर, मी माझ्या भिंतीला कान लावला की तो तुमच्याकडून येतो."

मास्तरांना हे उलट उत्तर वाटलं. ते तिथून समोरच्या बेकरीवालीकडे गेले आणि तिच्या फ्रीजवर आळ घेतला. बेकरीवाली म्हणजे तोफखाना. तिनं मास्तरांच्याच पाण्याच्या पंपाचं नाव घेतलं, तेही रस्त्याच्या मधोमध उभं राहून. शेवटी वीजवाल्याला बोलावलं. तो बिचारा प्रत्येक भिंतीला डॉक्टरसारखा कान लावत गल्लीभर फिरला आणि म्हणाला, "आपण असं करू, सगळ्यांची वीज एकदम बंद करून बघू." वीज बंद केली. पंखे थांबले, फ्रीज थांबले, रेडिओ थांबले आणि त्या शांततेत आवाज आणखी स्वच्छ ऐकू आला. हूंऽऽऽ. त्या संध्याकाळी गल्लीचा विजेवरचा संशय फिटला आणि माणसांवरचा वाढला.

कालवबाईंचं या सगळ्याकडे अर्धंच लक्ष होतं. त्यांच्या डोक्यात एक वेगळाच विचार घोळत होता. पाण्याखाली दिसत नाही, मोजता येत नाही. पण ऐकता तर येईल? जिवंत खडक गप्प नसतो. त्यात राहणाऱ्या बारीक कोळंब्या नांग्या वाजवतात, खेकडे खरवडतात, मासे शिंपल्यांना टोचे मारतात. नुसता चिखल मात्र मुका असतो. तेव्हा आपला खडक बोलतो की नाही, ते ऐकावं. साहेबांनी टाय पिळत पिळत दुसऱ्या एका केंद्रातून पाण्यात बुडवायचा मायक्रोफोन मागवून दिला.

बाईंनी तो संध्याकाळच्या भरतीला, गल्लीच्या टोकाशी जिथे पिशव्यांची रांग सुरू होते तिथे, धक्क्यावर बसून पाण्यात सोडला. हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. आधी नुसतं पाणी. मग तडतड, तडतड. जणू तापल्या तव्यावर कुणी मीठ टाकलंय. बाईंच्या अंगावर काटा आला. एवढी गर्दी! वरून बघावं तर राखाडी चिखल, आणि खाली भर बाजार भरलेला. त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

आणि त्या तडतडीच्या मागून आवाज आला, 'हूंऽऽऽ'.

"गेलं!" बाई पुटपुटल्या. "गल्लीतली कटकट वायरमध्ये शिरली वाटतं." त्यांनी वायर तपासली. मायक्रोफोन रांगेपासून दूर, मोकळ्या चिखलावर नेला. आवाज बारीक झाला. पुन्हा रांगेजवळ आणला, मोठा झाला. मास्तरांच्या खोलीखालच्या खांबांपाशी नेला तर असा दणदणीत, की त्यांनी हेडफोन झटकन काढले. आणि हेडफोन काढल्यावर तोच सूर वरच्या घरांमधून, खांबांमधून, फळ्यांमधून उघड्या कानांना ऐकू आला. आणखी वर मास्तर खिडकी दाणकन लावताना दिसले.

बाई जागच्या जागी बसल्या. गल्लीभर चाललेल्या भांडणाचं मूळ कोण, ते त्यांना समजलं होतं. त्या स्वतःच.

माशांचा अभ्यास करणारी त्यांची एक जुनी मैत्रीण होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला फोनवर तो आवाज ऐकवला. पलीकडे मैत्रीण इतकी हसली, की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं, हा मासा आहे, नर. लग्नाळू! शिंपल्यांखाली पोकळी बघतो, घर साफसूफ करतो आणि मग दारात बसून मादीला बोलावतो. पोटातली हवेची पिशवी ढोलासारखी वाजवतो. बेडकासारखं तोंड असतं बघ."

"पण आमच्या खाडीत हा मासा कुणी बघितलेला नाही."

"कारण तुमच्या खाडीत त्याला घर नव्हतं. आता तू बांधून दिलंस."

रात्रीच्या जेवणाला बाईंनी हे घरात सांगितलं. शिंपीबुवांना ठसका लागला. हसावं की पाणी प्यावं हे ठरेना. सासूबाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी कान देऊन तो आवाज पुन्हा ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे एवढे दिवस हा मेला घुम्यासारखा खाली बसून घुमत होता." झालं! त्या माशाचं लांबलचक शास्त्रीय नाव कागदावर राहिलं आणि घरात, गल्लीत आणि पुढे केंद्रातही तो घुम्याच झाला.

"आता गल्लीला सांगायचं कसं?" शिंपीबुवांनी विचारलं.

"तोंडानं," बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

गल्लीची सभा शिंप्याच्या दुकानात भरली. अर्धवट शिवलेल्या कोटांच्या मध्ये लोक दाटीवाटीनं उभे राहिले. साहेब आले होते, पालिकेचा एक अधिकारीही आला होता. बाईंनी जे होतं ते सांगितलं. क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग बेकरीवालीनं मास्तरांकडे बघून जाहीर केलं, "म्हणजे माझा फ्रीज निर्दोष." मास्तर म्हणाले, "मासा असो नाहीतर आणखी कुणी, मला झोप लागत नाही. माझ्या घराखालच्या पिशव्या उचला." दोन-चार माना डोलल्या. अधिकाऱ्यानंही मान डोलावली, कारण पिशव्या उचलणं हे काम त्याला समजण्यासारखं होतं. साहेबांनी टाय पिळला.

मास्तर चूक बोलत नव्हते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसत होती बिचाऱ्यांच्या. "मास्तर, तुमचं म्हणणं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण उचलायच्या आधी एकदा खाली येऊन बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

मोठ्या ओहोटीच्या दिवशी भल्या सकाळी वरात चिखलात उतरली. पुढे बाई, मग अधिकारी, मग साहेब, मग मास्तर आणि सगळ्यांत शेवटी शिंपीबुवांच्या दंडाला धरून सासूबाई. त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं. "माझी झोप गेली नाही का?" असं म्हणून त्यांनी सुनेचे रबरी बूट पायांत चढवले होते, तेही मोजे घालून. मास्तर दहा पावलं शिस्तीत चालले. अकराव्याला पाय पुढे आला आणि बूट मागे राहिला. चिखलातून बूट उपसताना त्यांनी जे शब्द वापरले, ते त्यांनी शाळेत कधी वापरले नसावेत.

बाईंनी शिंपल्यांचा एक गठ्ठा हलक्या हातांनी वर उचलला. खाली ओलसर पोकळी होती. आणि तीत एक मासा बसला होता. तोंड एवढं मोठं, की शरीर मागून चिकटवल्यासारखं. ओठांना झालरी, डोळे वटारलेले, अंग चिखलाच्या रंगाचं.

"अरे देवा," साहेब म्हणाले आणि नीट बघायला पुढे झाले. घुम्यानं खटकन त्यांच्या बुटाचं टोक धरलं. साहेब घाबरून ओरडले, पण पाय हलवला नाही, कारण बाईंनी "हलू नका, त्याचे दात तुटतील!" असं दरडावलं होतं. थोड्या वेळानं घुम्यानं बूट सोडला, साहेबांकडे तुच्छतेनं बघितलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

"वर बघा, छताला," बाई म्हणाल्या. उचललेल्या शिंपल्यांच्या आतल्या बाजूला पिवळ्या मण्यांसारखी अंडी चिकटलेली होती, ओळीनं.

सासूबाई वाकल्या. गुडघे कुरकुरले. "हा बाप?"

"हो."

"आणि आई?"

"ती अंडी घालून गेली. आता पिल्लं सुटी होईपर्यंत हाच बसणार. पंखांनी वारा घालतो त्यांना, कचरा काढतो. स्वतः धड जेवतही नाही."

सासूबाईंनी सावकाश मान वळवून मुलाकडे बघितलं.

"माझ्याकडे का बघतेस?" शिंपीबुवा म्हणाले.

अधिकाऱ्याला मात्र आपलं काम आठवलं. "बाई, मासा छान आहे. पण पाणी स्वच्छ झालं का, ते सांगा. मला तेच लिहायचंय."

साहेबांनी बाईंकडे केविलवाण्या डोळ्यांनी बघितलं. बाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं! "बरणीत होतं," त्या म्हणाल्या. "खाडीत झालं असं मला अजून म्हणता येत नाही. कदाचित खडक अजून लहान आहे. खोटं सांगितलं तर तुम्ही पुढच्या वर्षी मलाच विचाराल. पण जो मासा इथे नव्हता, तो आला, त्यानं घर केलं, त्याला पोरं होतायत; हे तुमच्यासमोर आहे."

मग मास्तरांनी, एका पायात बूट आणि एका हातात बूट अशा थाटात, घसा खाकरला. "हे किती दिवस चालणार?"

"उन्हाळा संपेपर्यंत."

"अंडी असताना घर मोडणं मला पटत नाही," मास्तर म्हणाले. "पण उन्हाळा संपला की पिशव्या हलवायच्या. मी लक्षात ठेवीन."

तसं ठरलं. बाईंना ते न्याय्यही वाटलं आणि जिवावरही आलं. तोवर गल्लीच्या झोपेची सोय शिंपीबुवांनी केली. दुकानातल्या चिंध्या आत भरून त्यांनी जाड कानटोप्या शिवल्या आणि घरोघर वाटल्या. कापड जे उरलं होतं तेच वापरलं, त्यामुळे मास्तरांच्या वाट्याला गुलाबी फुलांची आली. मास्तरांनी ती घेताना नाक मुरडलं; पण सकाळी दुधाला दार उघडायचे तेव्हा ती अजून डोक्यावरच असायची.

उन्हाळा सरला, आवाज थांबला, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे बाई माणसं घेऊन मास्तरांच्या घराखाली गेल्या. पिशव्या उचलायला हात घातला, तर पिशवी हलेना. दुसरी धरली, तीही हलेना. कालवांनी एक पिशवी दुसरीला आणि दुसरी तिसरीला सांधून टाकली होती. शिंपीबुवांची दुहेरी शिवण आता कुणाला सापडली नसती. पिशव्या राहिल्याच नव्हत्या. सलग खडक झाला होता.

वर मागच्या जिन्यावर मास्तर देखरेखीला उभे होते. ते तावातावानं खाली उतरायला लागले आणि शेवटच्या पायरीवर अडखळले. या जिन्याची शेवटची पायरी वर्षानुवर्षं अधांतरी होती. लाटांनी खालचा चिखल धुऊन नेला होता आणि तिच्यावरून उतरताना उडीच मारावी लागायची. मास्तरांनी सवयीनं उडीचा पवित्रा घेतला, आणि पाय लगेच जमिनीला टेकला. ते खाली बघत राहिले. बाईही बघत राहिल्या. मग त्या चिखलातून धावत निघाल्या. बाईंना धावताना गल्लीनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"अहो! तुमची टेप द्या!"

शिंप्याच्या टेपनं गल्लीतला एकेक खांब मोजला गेला. जिथे समोर कालवांचा खडक होता, तिथे लाटा आधीच मोडत होत्या आणि चिखल खांबांशी येऊन बसला होता. मास्तरांच्या घराखाली तर चांगला वीतभर. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खडक नव्हता, तिथे खांबांची मुळं पूर्वीसारखीच उघडी. बाईंनी लाटा मोजायची सगळी उपकरणं खाडीच्या तोंडाशी लावली होती, लांब, शास्त्रशुद्ध जागी. आणि शेजारचा जो जिना रोज डोळ्यांसमोर होता, तो बघितलाच नव्हता. त्या खांबाला टेकून पोट धरून हसल्या.

मास्तरांनी खांब हलवून बघितला. मागल्या वर्षी तो हलायचा. "हं," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "हं." आणि मग, "राहू द्या. आहे तिथेच राहू द्या." त्या दिवसापासून त्यांनी आपली खाट पुढच्या खोलीत हलवली, आणि भेटेल त्याला सांगायला लागले, की आपले आजोबा या माशाबद्दल नेहमी बोलायचे. हे आजोबा याआधी कुणाच्या ऐकण्यात नव्हते.

अहवाल लिहून झाल्यावर साहेब टेबलापाशी आले. "एका वाक्यात?"

"तीन लागतील," बाई म्हणाल्या. "काठ धरला गेला. मासे परतले. पाण्याचं अजून माहीत नाही."

साहेबांनी ती वाक्यं तशीच पालिकेकडे पाठवली, तिसऱ्यासकट. पाठवायच्या आधी त्यांनी टाय पिळला, पण पाठवली. पालिकेनं गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत खडक वाढवायला मंजुरी दिली. तिकडचे लोक आधी शिंपीबुवांच्या दुकानात येऊन कानटोपीची मापं देऊन गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाई मागच्या जिन्यावर बसून पाण्याखालचे आवाज ऐकत होत्या. सासूबाई भिंतीला धरत धरत खाली आल्या, शेजारी टेकल्या आणि काही न विचारता सुनेच्या कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी आपल्या कानांना लावले.

मान कलती करून त्या ऐकू लागल्या. मग पुटपुटल्या, "भांडी घासतायत वाटतं सगळे."

"त्या कोळंब्या, आई."

"श्श! आला. आपला घुम्या." चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि लगेच कपाळाला आठी पडली. "अगं, हा दुसरा कोण? आपला बोलायला लागला की हा मध्येच गुरगुरतो. त्याला बोलूच देत नाही."

"दुसरा नर असेल. शेजारी घर केलं असेल त्यानं. पहिल्याचा आवाज मादीपर्यंत पोचू नये म्हणून खोडा घालतात ते एकमेकांना."

"मेल्याला काही रीत?" सासूबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबले आणि पाण्याकडे डोळे बारीक करून बघू लागल्या, जणू तिथलं सगळं त्यांना दिसत होतं.

उजेड कमी होत चालला होता. बाईंना आवाजांची नोंद करायची होती, भरती वाढत होती. त्यांनी हात पुढे केला. "आई, द्या ना ते. माझं काम आहे."

"थांब गं जरा," सासूबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. "याचं जमतंय बहुतेक."